जॉयस्टिकच्या पोटात काय असते?

टिकाऊ जॉयस्टिक ओळखायची कशी, एवढाच माझा प्रश्न होता. दुकानदारांनी मला बटणे मोजून दाखवली. ओळखीच्या मुलांनी कंपन्यांची नावे सांगितली. खोक्यांवर ‘अक्ष’, ‘सेन्सर’, ‘१६ बिट’ असे बरेच काही छापलेले होते. पण ही वस्तू रोज वापरली तर किती टिकेल, आणि बिघडलीच तर आधी कुठे बिघडेल, हे कोणी सांगेना. ते शोधता शोधता मी जे शिकले, ते माझ्यासारख्या गोंधळलेल्या नवशिक्याच्या उपयोगी पडावे म्हणून लिहिते आहे.

मी बडोद्याच्या मराठी शाळेत भूगोल शिकवत होते. आता निवृत्त आहे आणि समामध्ये राहते. समापासून हरणीचे विमानतळ जवळच आहे. गच्चीवर वाळवण घालायला गेले की पूर्वेच्या बाजूला विमान खाली येताना दिसते. वर्गात मी वर्षानुवर्षे वारे, दिशा, अक्षांश-रेखांश शिकवले. पण हे सगळे हाताशी धरून माणूस विमान कसे नेतो, हे अनुभवायची संधी कधी मिळाली नव्हती. हरणीच्या धावपट्टीचे नाव ०४/२२ आहे. होकायंत्रावरच्या अंशांतला शेवटचा आकडा गाळला की हे नाव तयार होते. एका टोकाकडून धावताना विमानाचे तोंड साधारण ४० अंशांवर, म्हणजे ईशान्येकडे असते आणि दुसऱ्या टोकाकडून २२० अंशांवर, नैर्ऋत्येकडे. वाऱ्याच्या तोंडावर उडायचे आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरायचे, म्हणून वारा फिरला की टोकही बदलते. माझ्याच विषयाचा हा धडा घरापासून इतक्या जवळ रोज घडत होता, हे कळले तेव्हा मला फार आनंद झाला.

गेल्या काही वर्षांत बडोद्यात विमानांविषयीचे बोलणेही वाढले आहे. हवाई दलासाठी सी-२९५ जातीची ५६ मालवाहू विमाने घ्यायचे ठरले. त्यांपैकी १६ स्पेनमधून तयार यायची होती आणि ४० इथे बडोद्यात जुळायची. ती जुळवणाऱ्या टाटा-एअरबस कारखान्याचे उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत आणि स्पेनच्या पंतप्रधानांच्या हस्ते झाले. सोसायटीतली मुले गच्चीवर उभी राहून कोणते विमान कोणते, यावर वाद घालू लागली. त्यांच्याबरोबर मीही पाहू लागले आणि विचारू लागले.

पुण्याचा भाचा सुट्टीत आला होता. त्याने माझ्या संगणकावर फ्लाइटगिअर घालून दिले. जगभरच्या हौशी आणि जाणकार मंडळींनी मिळून घडवलेला हा विमानोड्डाणाचा कार्यक्रम मोफत मिळतो. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर १९८२ पासून चालत आला आहे. त्याच्या २०२० आणि २०२४ च्या आवृत्त्या फार देखण्या आहेत, पण त्यांना संगणक तगडा लागतो. माझ्या संगणकाला फ्लाइटगिअर पेलत होते.

या वयात खेळ कसला, असे घरात कोणी म्हणाले नाही, पण माझ्याच मनात ते आले होते. मग वाचनात आले, की जमिनीवर बसून उडायला शिकणे ही जुनी आणि गंभीर गोष्ट आहे. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या तरुणाने १९२९ साली वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यातले भाते आणि पंप वापरून जागेवरच डुलणारे नकली विमान बनवले. दुसऱ्या महायुद्धात असंख्य वैमानिक त्या लिंक ट्रेनरवर तयार झाले. आजही प्रवासी विमानाचा वैमानिक प्रत्यक्ष विमान हाती घेण्याआधी सिम्युलेटरमध्ये घाम गाळतो. हे वाचल्यावर मी संकोच सोडला.

सुरुवात कीबोर्डवर केली. सेसना १७२ हे चार आसनी छोटे विमान घेतले आणि हरणीच्या धावपट्टीवर उभे केले. इथे पहिली अडचण कळली. कीबोर्डची कळ दाबलेली असते किंवा सुटलेली असते, अधले-मधले काही नाही. विमानाला मात्र ‘थोडेसे डावीकडे’, ‘किंचित वर’ असे सांगावे लागते. कळ दाबून विमान वळवले की ते गरजेपेक्षा जास्त कलते, सावरायला जावे तर पलीकडे झुकते. हाताचा दाब जितका, तितकेच विमान वळावे, यासाठी जॉयस्टिक लागते. ती पुढे-मागे केली की नाक खाली-वर होते. डावी-उजवीकडे केली की पंख कलतात. बऱ्याच जॉयस्टिकची मूठ पिळता येते. त्याने शेपटीवरचे रडर फिरते आणि नाक डावी-उजवीकडे वळते. शेजारी थ्रॉटलचा एक सरकता खटका असतो, तो इंजिनाची शक्ती कमी-जास्त करतो. या प्रत्येक हालचालीला ‘अक्ष’ म्हणतात. चार अक्षांची जॉयस्टिक म्हणजे चार निरनिराळ्या हालचाली मोजणारी जॉयस्टिक, एवढा उलगडा झाला तेव्हा खोक्यावरचा पहिला शब्द मला लागला.

भाच्याने पुण्याहून त्याची कॉलेजातली जॉयस्टिक पाठवली. “मावशी, यावर हात बसव, मग नवी घे,” तो फोनवर म्हणाला. ती जोडली आणि विमान हवेत नेले. मी हात अगदी स्थिर धरला होता, तरी विमानाचे नाक सारखे डावी-उजवीकडे झटके घेत होते. मूठ पूर्ण सोडून दिली तरी तेच. आकाश निरभ्र ठेवले, वारा शून्य केला, तरीही तेच. भाचा म्हणाला, “तिचा पॉट गेला असेल.” पॉट म्हणजे काय, हे मला माहीत नव्हते. म्हणून ती जॉयस्टिक पिशवीत घालून मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेले. रेडिओ, अॅम्प्लिफायर, मिक्सर, जे येईल ते तो दुरुस्त करतो. माझे पुढचे सगळे शिक्षण त्याच्या टेबलावर झाले.

त्याने तळाचे चार स्क्रू काढले आणि झाकण उघडले. “बाई, हे बघा. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं गोल बटण आठवतं? ते फिरवलं की खरखर यायची. त्याच्या मागे हाच भाग असायचा.” मी पाहिले. लहानशा डबीत कार्बनची अर्धवर्तुळाकार पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारी धातूची जीभ. मूठ हलली की जीभ पट्टीवर पुढे-मागे सरकते, विद्युत रोध बदलतो आणि त्यावरून मूठ कुठे आहे हे संगणकाला कळते. या भागाला पोटेन्शिओमीटर म्हणतात. दुरुस्तीवाले त्याला नुसते पॉट म्हणतात.

“आता विचार करा,” तो म्हणाला, “विमान चालवताना मूठ जास्त वेळ कुठे असते?” मी म्हणाले, मधोमध. “म्हणजे पट्टी सगळ्यात जास्त मधेच झिजते. आणि तुम्हाला बारीक काम तर मधेच करायचं असतं.” हे ऐकून मला झटक्यांचे कारण समजले. सरळ उड्डाणात हात मध्याच्या आसपास अगदी थोडा हलत राहतो. त्याच जागी पट्टीवर खाचा पडतात, कार्बनची पूड साचते, जिभेचा स्पर्श मधूनमधून सुटतो आणि संगणकाला मूठ क्षणात इकडे, क्षणात तिकडे गेल्याचे दिसते. हात स्थिर असूनही विमान त्यामुळेच थरथरत होते.

त्याने पट्टीवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला, मूठ अनेकदा फिरवली आणि झटके बरेच कमी झाले. “पण हे तात्पुरतं आहे. पूड निघाली, खाच तशीच राहिली,” असे त्याने बजावले. खात्रीचा उपाय म्हणजे पॉट बदलणे. तेवढ्याच मापाचा आणि तेवढ्याच रोधाचा मिळाला, तर ते काम अवघड नसते.

मग इतकी वर्षे लोक पॉट का वापरत आले, असे मी विचारले. त्याचे उत्तर जुन्या संगणकांत आहे. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा जॉयस्टिक जोडण्यासाठी १५ पिनांचे कार्ड मिळायचे. ते कार्ड जॉयस्टिकमधला रोध थेट मोजत असे. त्यामुळे जॉयस्टिकमध्ये पॉट असणे हीच व्यवस्था होती. पुढे यूएसबी आली, मोजणी करणारी चिप जॉयस्टिकच्याच पोटात गेली आणि मग आत काय वापरायचे याचे स्वातंत्र्य बनवणाऱ्यांना मिळाले. तरी स्वस्त म्हणून पॉट टिकून राहिले.

दुसरा मार्ग चुंबकाचा. १८७९ साली एडविन हॉल या अमेरिकन संशोधकाला असे आढळले, की वीज वाहत असलेल्या पातळ पट्टीजवळ चुंबक आणला की पट्टीच्या दोन कडांमध्ये थोडासा विद्युतदाब निर्माण होतो. याला हॉल परिणाम म्हणतात. या जातीच्या जॉयस्टिकमध्ये मुठीच्या बुंध्याला लहान चुंबक असतो आणि थोड्या अंतरावर चिप. मूठ हलली की चुंबक हलतो आणि चिप बदललेले चुंबकीय क्षेत्र मोजते. दोन्ही एकमेकांना कधीच टेकत नाहीत. घासण्यासारखे काहीच नसल्याने मोजमाप झिजत नाही. टिकाऊपणाबद्दल मला मिळालेले हे पहिले खरे उत्तर होते.

इथे मला वाटले, झाले, ‘हॉल सेन्सर’ लिहिलेली कोणतीही जॉयस्टिक घ्यावी. विद्यार्थ्याने मला थांबवले. “बाई, कोणत्या अक्षाला हॉल आहे, ते विचारा.” खोक्यावर मोठ्या अक्षरांत चुंबकीय सेन्सर छापलेला असतो, पण पुष्कळदा तो फक्त पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे या दोन मुख्य अक्षांपुरता असतो. मूठ पिळायच्या अक्षाला आणि थ्रॉटलच्या खटक्याला जुनाच पॉट बसवलेला असतो. पिळायचा पॉट मुठीखाली अडचणीत बसतो, धावपट्टीवर वळताना आणि आडव्या वाऱ्यात उतरताना त्याचा वापर खूप होतो. त्यामुळे तो लवकर दगा देऊ शकतो. तेव्हापासून मी जॉयस्टिक एकसंध वस्तू म्हणून पाहणे सोडले. चार अक्ष असतील तर चार वेगळे प्रश्न विचारायचे, हे ठरले.

अचूकता आणि टिकाऊपणा यांची गल्लतही तिथेच सुटली. खोक्यावरचे बिट हे मोजमापाच्या बारकाईविषयी असतात. ८ बिटांत मुठीच्या पूर्ण हालचालीचे २५६ टप्पे होतात, १० बिटांत १०२४ आणि १४ बिटांत १६,३८४. टप्पे जास्त तितके वळण सफाईदार. पण टप्पे कितीही असले, तरी आतली पट्टी झिजायची ती झिजतेच. बारीक मोजमाप मिळते म्हणून वस्तू जास्त टिकेल, असा अर्थ काढता येत नाही.

सेन्सरनंतर सांधा. मूठ चारही दिशांना झुकावी म्हणून बुंध्याशी एकात एक बसवलेल्या दोन चौकटींचा जोड असतो. त्याला गिंबल म्हणतात. बऱ्याच जॉयस्टिकमध्ये तो प्लास्टिकचा असतो, काहींत धातूचा, काहींत बॉल बेअरिंग बसवलेला. मूठ सोडली की ती मध्यावर यावी म्हणून स्प्रिंग असते. काही जॉयस्टिकमध्ये मधोमध एकच मोठी स्प्रिंग असते. तिच्यामुळे रचना सोपी राहते, पण मध्य सोडताना हाताला थोडा अडथळा जाणवतो. काहींत प्रत्येक अक्षाला वेगळी स्प्रिंग आणि वेगळी कॅम (स्प्रिंगला दाबणारा आकारी तुकडा) असते, आणि ती बदलून हाताला हवा तेवढा दाब ठरवता येतो. हॉल सेन्सर असलेली जॉयस्टिकसुद्धा सांधा सैल झाला की ढिली लागते. मूठ मध्यावर येऊनही थोडी डुलते, आणि सेन्सर ते डुलणे प्रामाणिकपणे संगणकाला कळवतो. म्हणून सेन्सर आणि सांधा या दोन्हींची चौकशी एकत्र करायला हवी.

बडोद्याच्या हवेचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी पार करतो आणि खिडकीतून बारीक धूळ येत राहते. सांध्यावरच्या ग्रीसमध्ये धूळ मिसळली की ते मिश्रण प्लास्टिकला घासून काढते. मग पावसाळ्याचा दमटपणा. काही जॉयस्टिकच्या मुठीवर मऊ रबरासारखा लेप असतो. नवा असताना तो हाताला छान वाटतो, पण उष्ण आणि दमट हवेत काही वर्षांनी तो चिकट होऊ लागतो. २०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा बडोद्याच्या इतर भागांबरोबर समातही पाणी आले. पाणी ओसरल्यावरही घरे कितीतरी दिवस ओलसर राहिली. स्प्रिंग आणि स्क्रूंना असली हवा सोसत नाही. म्हणून मी लेप नसलेले कडक, खरबरीत प्लास्टिक पसंत केले आणि वस्तू ठेवायला उंचावरचे कपाट.

एवढी तयारी झाल्यावर मी अलकापुरीतल्या एका दुकानात गेले. “बेन, यात बारा बटणं आहेत, हे घ्या,” दुकानदार म्हणाले. मी त्यांना विनंती केली, की दुकानातल्या संगणकाला जोडून दाखवा. ते तयार झाले. विंडोजमध्ये ‘जॉय डॉट सीपीएल’ असे टाइप केले की गेम कंट्रोलरची खिडकी उघडते. तिच्यात एक चौकोन आणि त्यात अधिकचे छोटे चिन्ह दिसते. मूठ हलवली की ते हलते. इतर अक्षांसाठी पट्ट्या असतात. भाच्याने परीक्षेची पद्धत फोनवर शिकवली होती. आधी हात सोडून चिन्हाकडे पाहायचे. ते निश्चल राहिले पाहिजे. मग मूठ अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची; चिन्ह कुठेही उडी न मारता सरकले पाहिजे. चारही कोपरे गाठता आले पाहिजेत. प्रत्येक दिशेने सोडून पाहायची. चिन्ह दरवेळी त्याच मध्यावर परतले पाहिजे. शेवटी पीळ आणि थ्रॉटल यांच्या पट्ट्या तशाच तपासायच्या. वापरलेली जॉयस्टिक घेणाऱ्याने तर ही परीक्षा घेतल्याशिवाय पैसे देऊच नयेत.

इथेच ‘डेड झोन’ हा शब्दही भेटला. मध्याभोवतीची थोडी हालचाल मोजूच नये, असे कार्यक्रमाला सांगता येते. त्याने झिजलेल्या पॉटचे झटके झाकले जातात. पण त्यासोबत मध्याजवळचे बारीक नियंत्रणही जाते, आणि झीज आत चालूच राहते. म्हणून कोणी वापरलेली जॉयस्टिक दाखवत असेल, तर डेड झोन आधी शून्यावर आणायला सांगावे.

निवड करताना माझी आणखी एक गरज होती. मी डावखुरी आहे. देखण्या, बोटांना खाचा असलेल्या बहुतेक मुठी उजव्या हातासाठीच घडवलेल्या असतात. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो खूप लोकांच्या घरी आहे, तिला बारा बटणे आणि पिळती मूठ आहे, पण तिचा आकार उजव्या हाताचा. थ्रस्टमास्टरची वॉरथॉग अमेरिकन हवाई दलाच्या ए-१० विमानाच्या मुठीवरून बेतलेली, धातूची आणि हॉल सेन्सरची. पण तीही उजव्या हाताची, महाग, आणि तिची मूठ पिळत नाही, रडरसाठी पायाखाली वेगळी पेडल्स लागतात. व्हीकेबीच्या ग्लॅडिएटर एनएक्सटी ईव्हीओमध्ये पिळासकट मुठीचे तिन्ही अक्ष स्पर्शाविना मोजले जातात, स्प्रिंगा बदलता येतात, डाव्या हाताची आवृत्तीही निघते. माझ्या मनात ती भरली होती. पण बाहेरून मागवायची तर किमतीवर वाहतूक आणि सीमाशुल्क चढते, आणि बिघडली तर परत पाठवायचा खर्च व वेळ आपल्यालाच सोसावा लागतो. निवृत्तिवेतनातून घेणाऱ्या नवशिकीला तो विचार करावाच लागतो.

थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम दोन्ही हातांसाठी आहे. मुठीचे काही भाग काढून ती डाव्या हाताला जुळवता येते. दोन मुख्य अक्षांना हॉल सेन्सर आहे आणि प्रत्येकी १६,३८४ टप्पे. पिळाला आणि थ्रॉटलच्या खटक्याला मात्र पॉट आहे, हे मला घेण्याआधीच माहीत होते. पण तिच्या पिळाला कुलूप आहे: नको असेल तेव्हा मूठ पिळणे बंद करता येते. कमकुवत भाग कोणता हे ठाऊक असणे आणि तो विश्रांतीला ठेवता येणे, हे मला पुरेसे वाटले. एअरबस ए३२० या विमानात कॅप्टन डाव्या आसनावर बसतो आणि त्याची साइडस्टिक डाव्या हाताशी असते. बडोद्याला येणाऱ्या विमानांत ए३२० असतात. माझ्या डाव्या हाताला इतके साजेसे काम आजवर सापडले नव्हते.

जॉयस्टिक घरी आणल्यावर तिची बैठक टेबलावर नीट बसली आहे ना, हे पाहिले. तळ हलका असेल तर मूठ ओढताना तो सरकतो, मग माणूस आणखी जोर लावतो आणि तो सगळा जोर सांध्यावर येतो. मी तळाखाली रबरी चटई घातली आणि खुर्ची एवढी उंच केली, की कोपर टेबलाला टेकेल. मनगटाने, अगदी हलक्या हाताने चालवायचे हे विमानालाही बरे आणि वस्तूलाही. उडायला शिकवणारे वैमानिकही मूठ घट्ट धरू नका, असेच सांगतात. यूएसबीची तार बुंध्याजवळ तीव्र वाकणार नाही, अशी ठेवली. शेजारी मोठे चुंबक असलेला स्पीकर होता, तो हलवला. चुंबकावर चालणाऱ्या सेन्सरजवळ दुसरा जोरदार चुंबक नको. वापर झाला की सुती कापड झाकायचे आणि उडण्याआधी हात धुऊन कोरडे करायचे. पीळ कुलूपबंद ठेवून मी फ्लाइटगिअरमधली ‘ऑटो-कोऑर्डिनेशन’ ही सोय चालू केली; तिच्यामुळे पंख कलवले की रडर आपोआप साथ देते. आडव्या वाऱ्यात उतरण्याचा सराव असेल त्या दिवशी कुलूप काढते.

आता माझे विमान हरणीच्या ०४ टोकावरून धावते. वर गेल्यावर उजवीकडे पावागड दिसतो. वर्गात मी नकाशावर बोट ठेवून शिकवायचे, की विश्वामित्री याच पावागडाच्या डोंगरात उगम पावते. आता तिचे पात्र खाली ठेवून मी शहराकडे परत वळते. डाव्या हाताखाली मूठ हलकीच झुकते आणि विमानही तेवढेच झुकते. सोसायटीतली मुले शेजारी बसतात, उंची आणि वेग मोठ्याने वाचतात, दिशा मोजतात. भूगोलाचा इतका जिवंत तास मला शाळेत घेता आला नव्हता.

जॉयस्टिक टिकाऊ हवी, असा आग्रह का धरावा, याचेही कारण मला यातून पटले. संगणक बदलतो, कार्यक्रमाच्या नव्या आवृत्त्या येतात. यूएसबीची जॉयस्टिक मात्र आज फ्लाइटगिअरवर चालते, उद्या एक्स-प्लेनसारख्या दुसऱ्या कार्यक्रमावर किंवा मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरवरही चालेल. हाताला तिची सवय झालेली असते आणि ती सवयच खरे शिक्षण असते. म्हणून इथे दोन पैसे जास्त गेले तरी ते वाया जात नाहीत.

नवशिक्यांना माझे मनापासून सांगणे आहे. बटणे मोजू नका. मुठीच्या प्रत्येक अक्षाखाली पॉट आहे की हॉल सेन्सर, ते एकेक करून विचारा. सांधा कशाचा आहे ते विचारा. पिळाला कुलूप आहे का ते पाहा. तळाला साधे स्क्रू असून तो उघडता येतो का आणि सुटे भाग मिळतात का, याची चौकशी करा. हमीच्या काळात बिघडली तर कुठे न्यायची आणि पाठवण्याचा खर्च कोणाचा, हे बिलावर लिहून घ्या. संगणकाला जोडून दाखवल्याशिवाय घेऊ नका. आणि आपल्या गावातला दुरुस्तीवाला शोधून त्याच्याशी आधी बोला. वस्तू आतून कशी झिजते, हे त्याच्याइतके स्पष्ट दुसरे कोणी सांगत नाही.